फॅक्सची ओळ फोनच्या कोटेशनमधून बाहेर काढा

नाशिकच्या एक वाचक भगिनी लिहितात:

"मी अमेरिकेतल्या तीन दवाखान्यांचे मेडिकल बिलिंग नाशिकमधून करते. ऑफिसात अकरा जण आहोत. त्यातले सहा एआर कॉलर, म्हणजे रात्री तिकडच्या विमा कंपन्यांना फोन करून अडकलेल्या क्लेमचा पाठपुरावा करणारे. यंदा नाशिकमधल्या दोन हॉस्पिटलांचे कॅशलेस क्लेमचे कामही घेतले आहे. जागा बदलतोय म्हणून फोनची व्यवस्थाही नव्याने करायची ठरवली आणि कोटेशन मागवले. त्यात आयपी पीबीएक्स, ३० चॅनलची पीआरआय, १०० डीआयडी, आयव्हीआर, हंट ग्रुप, अमेरिकेसाठी १० चॅनलचा एसआयपी ट्रंक, चार पोर्टचा एफएक्सएस गेटवे, 'जी.७२९, टी.३८ सपोर्टेड' असे बरेच काही आहे. रक्कम मोठी आहे आणि त्यातले निम्मे शब्द मला कळत नाहीत.

खरा त्रास फॅक्सचा आहे. आमची अपिले आणि मेडिकल रेकॉर्ड अजून फॅक्सनेच जातात. मशीन एका छोट्या अडॅप्टरला जोडले आहे. एक-दोन पाने जातात, पण पंधरा पानांचे रेकॉर्ड मध्येच तुटते. अपिलाची मुदत जवळ आली की जीव टांगणीला लागतो. व्हेंडर म्हणतो, नव्या गेटवेला मशीन लावले की प्रश्न मिटेल. अमेरिकेच्या नंबरवर आलेले कॉल सिम टाकायच्या गेटवेमधून स्टाफच्या मोबाइलवर वळवता येतील, सगळे करतात, असेही तो म्हणाला. मुलगा म्हणतो, फॅक्स जगात राहिलाय कुठे, मशीन टाकून दे. मी नेमके काय करू?"

ताई, नमस्कार.

आधी उत्तर देतो, मग कारणे. हे कोटेशन आहे तसे मंजूर करू नका. फॅक्स त्यातून पूर्ण बाहेर काढा आणि इंटरनेट फॅक्सची सेवा वेगळी घ्या. ३० चॅनलची पीआरआय तुम्हाला लागत नाही. आणि सिमच्या गेटवेला स्पष्ट नकार कळवा, तोही लेखी.

तुमच्या कोटेशनमध्ये तीन वेगळे व्यवहार एकत्र झाले आहेत: नाशिकच्या हॉस्पिटलांसाठी भारतातले फोन, एआर कॉलरसाठी अमेरिकेतले फोन, आणि फॅक्स. तिन्हींच्या गरजा वेगळ्या, कायदे वेगळे, बिघडण्याची कारणेही वेगळी. एका कागदावर आल्यामुळे एका खोक्यात तिन्ही बसतील असे वाटते, आणि तिथेच पैसे आणि मनःस्ताप दोन्ही वाढतात.

नंबर, चॅनल आणि एक्स्टेन्शन यांतला फरक एकदा पक्का झाला की निम्मे कोटेशन वाचता येते. एक्स्टेन्शन म्हणजे टेबलावरचा फोन किंवा संगणकातला सॉफ्टफोन. ती तुमच्या ऑफिसातली गोष्ट आहे, तिला बाहेरचे जग ओळखत नाही. नंबर म्हणजे बाहेरून लावता येणारा पत्ता. चॅनल म्हणजे एका वेळी बाहेर चालू राहू शकणारे एक संभाषण. शंभर नंबर आणि दहा चॅनल असतील तर शंभर जणांना वेगवेगळ्या नंबरवर फोन येऊ शकतात, पण एका वेळी दहाच. अकराव्याला एंगेज टोन ऐकू येतो. लोक नंबर मोजतात, डोकी मोजतात, आणि चॅनल मोजायचे राहून जाते. भाडे मात्र बहुतेक ठिकाणी चॅनलवर ठरते.

पीबीएक्स म्हणजे ऑफिसातले छोटे एक्स्चेंज. आपल्याकडे सगळे त्याला ईपीएबीएक्स म्हणतात आणि ती भिंतीवरची पेटी डोळ्यांपुढे येते. आयपी पीबीएक्स हे त्याच कामाचे सॉफ्टवेअर आहे. ते ऑफिसातल्या संगणकावर चालते किंवा दुसऱ्याच्या सर्व्हरवर, आणि फोन लॅनच्या तारेवरून त्याला जोडलेले असतात. सर्व्हर सेवा देणाऱ्या कंपनीचा असेल तर त्यालाच होस्टेड किंवा क्लाउड पीबीएक्स म्हणतात. अकरा माणसांसाठी तुम्ही स्वतःचे मशीन, त्याचा यूपीएस आणि त्याची एएमसी, म्हणजे वार्षिक देखभालीचा करार, अंगावर घ्यायची गरज आहे का, हे व्हेंडरला विचारा. मला ती दिसत नाही.

पीआरआय ही टेलिफोन कंपनीकडून येणारी डिजिटल लाइन. भारतात आणि युरोपात ती २.०४८ एमबीपीएसची असते आणि तिच्यावर बोलण्याचे ३० चॅनल बसतात. अमेरिकेत हीच गोष्ट १.५४४ एमबीपीएसची आणि २३ चॅनलची. ती साधारण सगळी एकत्रच घ्यावी लागते, म्हणून तुमच्या कागदावर ३० हा आकडा आला आहे. तुमच्या गरजेशी त्याचा संबंध नाही. भारतातला तुमचा कारभार दोन हॉस्पिटलांपुरता आहे. तिथे चार-पाच चॅनलचा एसआयपी ट्रंक पुरतो. ट्रंक म्हणजे तुमचे एक्स्चेंज आणि कंपनीचे एक्स्चेंज यांना जोडणारा रस्ता. एसआयपी ही त्या रस्त्यावर फोन लावण्याची, उचलण्याची आणि ठेवण्याची ठरलेली भाषा. आज वापरात असलेले तिचे मुख्य मानक २००२ साली आले. पीआरआय करते तेच काम एसआयपी ट्रंक डेटाच्या लाइनवरून करतो, आणि पुढे लागतील तसे चॅनल वाढवता येतात.

किती चॅनल हवेत याचे गणित शंभराहून जास्त वर्षे जुने आहे. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतले गणिती आग्नेर क्रारूप एर्लांग यांनी १९०९ साली यावरचा पहिला लेख लिहिला, आणि फोनच्या गर्दीचे एकक आजही त्यांच्याच नावाने मोजले जाते. सगळ्यात गर्दीच्या तासात किती मिनिटे बोलणे झाले ते घ्या आणि ६०ने भागा. समजा त्या तासात २४ कॉल आले आणि प्रत्येक सरासरी पाच मिनिटे चालला. एकूण १२० मिनिटे, म्हणजे २ एर्लांग. आता दोनच चॅनल घेतले तर भागणार नाही, कारण कॉल रांगेत उभे राहून एकामागून एक येत नाहीत. शंभरातल्या एकाहून कमी कॉलला एंगेज मिळावा असे वाटत असेल तर या गर्दीला सात चॅनल लागतात. तुमच्या एआर कॉलरचे गणित वेगळे आणि सोपे आहे. विमा कंपनीच्या होल्डवर अर्धा-अर्धा तास बसणारा माणूस तो सगळा वेळ एक चॅनल अडवतो. सहा जण म्हणजे सहा चॅनल, आणि कॉन्फरन्स किंवा बाहेर ट्रान्सफर होणाऱ्या कॉलसाठी वर दोन-तीन. म्हणून अमेरिकेसाठी लिहिलेला दहाचा आकडा बरोबर आहे. व्हेंडरने तो विचार करून लिहिला असेल तर त्याला श्रेय द्या.

डीआयडी म्हणजे ऑपरेटरला न विचारता थेट ठरावीक टेबलावर वाजणारा नंबर. तुम्हाला शंभर नकोत, दहा पुष्कळ झाले. हंट ग्रुप म्हणजे एक नंबर लावला की मोकळा फोन सापडेपर्यंत एकेक एक्स्टेन्शन वाजत जाणे. आयव्हीआर म्हणजे 'क्लेमसाठी एक दाबा' सांगणारा आवाज. दोन हॉस्पिटलांच्या बिलिंग डेस्कना तुमचे लोक नावानिशी माहीत आहेत, त्यांना एक-दोन दाबायला लावू नका.

हॉस्पिटलांच्या पेशंटसाठी पुढे हेल्पलाइन काढणार असाल तर १८०० आणि १८६० यांत गल्लत करू नका. १८००चा खर्च तुम्ही भरता आणि फोन करणाऱ्याला तो फुकट पडतो. १८६०ला फोन करणाऱ्याला पैसे लागतात. आजारी माणसाच्या नातेवाइकांसाठी १८००च असावा असे माझे ठाम मत आहे.

आता अमेरिकेकडचे फोन. हे कॉल भारतातल्या पीआरआयवरून जाणारच नाहीत. तिकडच्या सेवा कंपनीचा ट्रंक इंटरनेटवरून तुमच्यापर्यंत येतो आणि नंबरही तिकडचे असतात. इथे कळीचा शब्द आहे कोडेक, म्हणजे आवाजाचे आकड्यांत रूपांतर करण्याची पद्धत. जी.७११ आवाज जवळजवळ आहे तसा पाठवतो. सेकंदाला ८,००० नमुने, ६४ केबीपीएस. इंटरनेटवर हा आवाज छोट्या तुकड्यांत, म्हणजे पाकिटांत, जातो; त्या पाकिटांवरचे पत्ते वगैरे धरून एका दिशेला सुमारे ८७ केबीपीएस. जी.७२९ तोच आवाज ८ केबीपीएसमध्ये बसवतो. इंटरनेट महाग आणि तोकडे होते तेव्हा जी.७२९ची चलती होती. आज दहा कॉल जी.७११वर चालवले तरी एक एमबीपीएससुद्धा भरत नाही, मग आवाज आवळायचा कशाला? व्हेंडरला सांगा की अमेरिकेच्या ट्रंकवर जी.७११च ठेवा. सेटिंगमध्ये तो दोन नावांनी दिसतो. अमेरिकेसाठी पीसीएमयू, भारतासाठी पीसीएमए.

फोन इंटरनेटवर आला की वेगापेक्षा नियमितपणाला जास्त महत्त्व येते. लेटन्सी म्हणजे पाकिटाला पोचायला लागणारा वेळ. एका दिशेचा हा वेळ १५० मिलिसेकंदांच्या आत असला तर बोलणे सहज होते, असे आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेची शिफारस सांगते. नाशिकहून अमेरिका गाठताना बरीचशी मर्यादा अंतरच खाऊन टाकते, म्हणून उरलेल्या वाटेत ढिलाई चालत नाही. जिटर म्हणजे पाकिटे कमी-जास्त अंतराने येणे. आवाज तुटतो तो बहुतेकदा जिटरमुळे किंवा पाकिटे गळाल्यामुळे. क्यूओएस म्हणजे राउटरने फोनच्या पाकिटांना आधी वाट देणे. कोणी मोठी फाइल चढवत असताना कॉल फाटत असेल तर क्यूओएस लावलेले नाही असे समजा. ब्रॉडबँड आणि लीज्ड लाइन यांतला फरकही इथेच कळतो. लीज्ड लाइनवर चढता आणि उतरता वेग सारखा असतो आणि एसएलए मिळतो, म्हणजे लाइन किती वेळ चालू राहील याची लेखी हमी. आणखी एक शब्द कोटेशनमध्ये नसतो, पण रात्री दोन वाजता तुम्हाला छळतो: एसआयपी एएलजी. ही राउटरमधली एक सोय आहे. मदतीसाठी दिलेली असली तरी बऱ्याचदा तिच्यामुळे एका बाजूचाच आवाज येतो किंवा कॉल ठरावीक वेळाने तुटतो. आधी ती बंद करून पाहा.

एआर कॉलरसाठी एक गोष्ट जरूर विचारा. खोटे नंबर दाखवून येणारे कॉल रोखण्यासाठी अमेरिकेत नंबरवर डिजिटल सही करण्याची पद्धत आहे. तिला स्टर-शेकन म्हणतात, आणि तिथल्या मोठ्या कंपन्यांना ती ३० जून २०२१पर्यंत लागू करणे बंधनकारक झाले. सहीचे ए, बी, सी असे दर्जे आहेत. ज्या कंपनीकडून नंबर घेतला तिच्याच ट्रंकवरून कॉल केला तर ए दर्जा मिळण्याची वाट सोपी असते. नंबर एकीकडचा आणि ट्रंक दुसरीकडचा असे केले तर दर्जा घसरतो, आणि समोरच्याला तुमचा कॉल संशयास्पद दिसू शकतो.

आता फॅक्स, ज्यासाठी तुम्ही खरे तर पत्र लिहिले.

फॅक्स हे कागद पाठवण्याचे साधन असल्यासारखे वाटते, पण फोनच्या लाइनवर तो दोन यंत्रांचा समोरासमोरचा संवाद असतो आणि तो क्षणोक्षणी चालू राहावा लागतो. तुमचे मशीन नंबर लावते आणि दर तीन सेकंदांनी अर्धा सेकंद ११०० हर्ट्झची शिटी देते: मी फॅक्स आहे. पलीकडचे मशीन उचलते आणि २१०० हर्ट्झचा लांब सूर लावते: मीही. मग पलीकडचे आपली क्षमता सांगते, वेग किती, कागद केवढा, बारीक छपाई जमते का. तुमचे मशीन त्यातले काय वापरणार ते कळवते आणि दीड सेकंद चाचणीचा मजकूर पाठवते. तो नीट पोचला तर पलीकडून होकार येतो, नाही तर वेग उतरवून पुन्हा चाचणी. एवढे झाल्यावर पहिले पान सुटते. पान संपले की तुमचे मशीन सांगते, आणखी पाने आहेत. पलीकडचे म्हणते, हे पान मिळाले, पुढचे पाठव. प्रत्येक पानाला हे चालते. शेवटच्या पानानंतर संपल्याचा निरोप, पोच, आणि दोन्हीकडे फोन खाली. या सगळ्या बोलीचे नाव टी.३०. आपण सगळे वापरतो ती तिसऱ्या पिढीची फॅक्स पद्धत १९८०मध्ये मानक म्हणून ठरली आणि अजून तीच चालते.

तुमची पंधरा पाने का तुटतात ते आता दिसेल. माणूस बोलताना एखादे अक्षर गळाले तर कान ते भरून काढतो. फॅक्सच्या सुरात वीस मिलिसेकंदांचे एक पाकीट गळाले तर ओळ बिघडते, आणि ते पानांमधल्या निरोपाच्या वेळी गळाले तर संवादच मोडतो. एका पानाला साधारण अर्धे ते एक मिनिट लागते. पंधरा पाने म्हणजे साडेसात ते पंधरा मिनिटे इंटरनेटवर एकही नेमके पाकीट हुकता कामा नये. एक-दोन पाने सुटतात ती त्या मिनिटभरात काही घडले नाही म्हणून. त्यात लाइनवर जी.७२९ असेल तर फॅक्स जाणेच शक्य नाही. जी.७२९ हा ऐकलेली गोष्ट आपल्या शब्दांत थोडक्यात सांगणाऱ्या निरोप्यासारखा आहे. बोलण्याचा अर्थ त्यातून पोचतो, पण फॅक्सला प्रत्येक सूर जसाच्या तसा लागतो. तुमच्या कोटेशनमध्ये फॅक्सच्या गेटवेपुढेच जी.७२९ लिहिले आहे, हे मला बिलकुल आवडलेले नाही.

एफएक्सएस पोर्ट म्हणजे ज्यात साधा फोन किंवा फॅक्स मशीन खुपसायचे ते भोक. त्यातून डायल टोन मिळतो. त्याचा जोडीदार एफएक्सओ, जो टेलिफोन कंपनीच्या लाइनला जोडायचा असतो. तुमचा आताचा छोटा अडॅप्टर म्हणजे एटीए, एक-दोन पोर्टांचा एफएक्सएस गेटवेच. व्हेंडर सुचवतो आहे तो त्याचाच मोठा भाऊ. मशीन तेच, इंटरनेट तेच, आणि वाटही तीच राहणार आहे.

टी.३८मुळे फरक पडू शकतो, हे मान्य केले पाहिजे. १९९८मध्ये आलेल्या या मानकात गेटवे फॅक्सचे सूर आवाज म्हणून पाठवत नाही. तो ते उलगडून त्यातली माहिती काढतो, ती पाकिटांत दोन-दोनदा घालून पाठवतो, आणि पलीकडचा गेटवे त्यांचे पुन्हा सूर बनवतो. एखादे पाकीट गळाले तरी पुढच्यात त्याची प्रत असते. पण त्यासाठी तुमच्या गेटवेपासून अमेरिकेतल्या शेवटच्या कंपनीपर्यंत वाटेतल्या प्रत्येकाने टी.३८ पाळायला हवे. मधल्या एकाने नाही म्हटले की कॉल पुन्हा साध्या आवाजावर येतो. 'टी.३८ सपोर्टेड' ही दोन शब्दांची ओळ फक्त त्या खोक्याबद्दल सांगते. वाटेबद्दल हमी हवी असेल तर ट्रंक देणाऱ्या कंपनीकडून लेखी घ्यावी लागेल, आणि ती मिळणे अवघड आहे.

म्हणून इंटरनेट फॅक्स. यात तुमच्या ऑफिसातून फॅक्सचा सूर निघतच नाही. तुम्ही पीडीएफ कंपनीच्या पोर्टलवर चढवता. ती फाइल साध्या डेटासारखी अमेरिकेतल्या त्यांच्या सर्व्हरवर पोचते, वाटेत पाकीट गळाले तर ते पुन्हा मागवले जाते. तिथून पुढचा टी.३०चा संवाद तो सर्व्हर करतो, अमेरिकेतल्या अमेरिकेत. येणारा फॅक्स उलट वाटेने पीडीएफ होऊन पडतो. नाशिकच्या इंटरनेटचा चढउतार त्या नाजूक संवादातून बाहेर पडतो, आणि तुमचा प्रश्न सुटतो तो इथे.

पण तुमचे काम पेशंटच्या माहितीचे आहे, त्यामुळे स्वस्त दिसली ती सेवा घ्यायची असे करता येणार नाही. पेशंटच्या माहितीची गोपनीयता जपणारा अमेरिकेचा १९९६चा हिपा कायदा तुम्हाला दवाखान्यांशी केलेल्या करारातून लागू आहे. तो करार, बीएए, तुमच्या फाइलला असेलच. २०१३च्या नियमांपासून तुम्ही ज्यांच्याकडे ती माहिती सोपवता त्या उपकंत्राटदारांशीही असाच करार करावा लागतो. फॅक्स कंपनी पाने साठवून ठेवते, म्हणजे ती उपकंत्राटदार झाली. काही विक्रेते सांगतात, आम्ही टपालासारखे नुसते वाहक आहोत, आम्हाला करार लागत नाही. ती सवलत माहिती पोचवून मोकळे होणाऱ्यांपुरती आहे. जो साठवतो त्याला ती मिळत नाही. बीएएवर सही करायला तयार नसलेल्या कंपनीशी पुढे बोलू नका, तिचा दर कितीही चांगला असो. तसेच आलेले फॅक्स साध्या ईमेलला जोडून येण्याची सोय बंद ठेवा. ईमेलवर फक्त 'फॅक्स आला' एवढी सूचना यावी आणि कागद लॉगिन करूनच दिसावा. प्रत्येकाला आपले लॉगिन, म्हणजे कोणी काय उघडले याची नोंद राहते.

दर विचारताना 'पान' म्हणजे काय तेही विचारा. काही सेवांमध्ये ठरावीक सेकंदांचा वेळ म्हणजे एक पान धरतात. करड्या छटांचे स्कॅन जायला वेळ घेतात आणि बिलात दोन पाने होऊन बसतात. स्कॅन काळा-पांढरा करा. ईओबीवरचे, म्हणजे विमा कंपनीच्या क्लेमच्या हिशेबपत्रकावरचे, बारीक आकडे असतील तर फाइन मोड ठेवा, त्यात उभ्या दिशेला दुप्पट रेषा मिळतात.

पोचपावतीबद्दल मात्र सावध राहा. 'क्यूड' म्हणजे रांगेत लागला, 'सेंट' म्हणजे कंपनीनुसार काहीही, आणि अपिलाच्या फाइलला लावायची ती पूर्ण पोच. तिच्यावर पलीकडच्या यंत्राची ओळख, तारीख, वेळ आणि पानांची संख्या असते. पाठवलेली पाने आणि पोचलेली पाने जुळतात का ते दर वेळी तपासायला सांगा. पूर्ण पोच म्हणजे पलीकडच्या यंत्राने पाने घेतली एवढेच, ती माणसाने वाचली असे नव्हे. पण मुदतीत पाठवले हे दाखवायला तोच तुमचा भक्कम कागद असतो.

तुमचा आताचा अमेरिकी फॅक्स नंबर दवाखान्यांच्या लेटरहेडवर छापलेला असेल, तो सोडू नका. तिथे नंबर एका कंपनीकडून दुसरीकडे नेता येतो. त्याला पोर्टिंग म्हणतात आणि त्यासाठी एलओए नावाचे संमतिपत्र भरावे लागते. त्यावरचे नाव आणि पत्ता जुन्या कंपनीच्या नोंदीशी अक्षरशः जुळावा लागतो, नाही तर अर्ज परत येतो. म्हणून आधी बघा की तो नंबर कोणाच्या नावावर आहे. तो मधल्या व्हेंडरच्या नावावर निघाला तर आत्ताच, संबंध चांगले असताना, आपल्या नावावर करून घ्या. पोर्टिंग पूर्ण झाल्याचा निरोप येईपर्यंत जुनी सेवा चालू ठेवा. आधी बंद केली तर नंबर हातचा जाऊ शकतो. आपल्याकडे ही सोय मोबाइलला आहे, लँडलाइनला नाही, त्यामुळे नाशिकच्या नंबरसाठी कंपनी निवडताना ती पुढची कित्येक वर्षे तुमची सोबत करणार असे धरून निवडा.

सिमच्या गेटवेबद्दल. परदेशातून इंटरनेटवर आलेला कॉल परवानाधारक कंपनीला वगळून आपल्या खोक्यातून भारतीय फोनजाळ्यात सोडणे याला टोल बायपास म्हणतात, आणि ते बेकायदा आहे. २०२० आणि २०२१मध्ये दूरसंचार विभागाने बीपीओंसाठीचे नियम खूप सैल केले, वेगळी नोंदणीही काढून टाकली. त्याचा दाखला देऊन आता सगळे चालते असे सांगणारे भेटतात. ही बंदी मात्र उठलेली नाही. अशा सिमच्या गेटवेवर, म्हणजे सिम बॉक्सवर, पोलिसांच्या धाडी पडतात, सिम तुमच्या नावावर असतात आणि जबाब तुम्हालाच द्यावा लागतो. रात्री घरी असलेल्या कॉलरला अमेरिकेचा कॉल घ्यायचा असेल तर त्याच्या लॅपटॉपवर किंवा मोबाइलवर सॉफ्टफोनचे ॲप द्या. कॉल इंटरनेटवरच राहतो आणि भारतीय फोनजाळ्याला शिवत नाही.

त्याच ओघात, प्रत्येक एक्स्टेन्शनला लांब आणि वेगळा पासवर्ड द्या. १०१ नंबरच्या एक्स्टेन्शनचा पासवर्ड १०१ ठेवलेला असतो, बाहेरून कोणी तो ओळखतो आणि रात्रभर महागड्या देशांना फोन लावतो. ट्रंकवर फक्त अमेरिका उघडी ठेवा आणि रोजच्या खर्चाला कमाल मर्यादा लावून घ्या.

मुलाचे म्हणणे अगदीच चूक नाही. ब्रिटनच्या एनएचएस या सरकारी आरोग्यसेवेने जानेवारी २०१९पासून फॅक्स मशीन खरेदी करायला बंदी घातली आणि मार्च २०२०अखेर ती हद्दपार करायचे ठरवले. पण अमेरिकेत एका हॉस्पिटलची संगणक प्रणाली दुसऱ्याशी सहज बोलत नाही, आणि फॅक्सला समोरच्याशी आधी काही ठरवावे लागत नाही, नंबर माहीत असला की पुरते. तुमच्या क्लायंटना तो लागतो तोवर तुम्हालाही लागणार. नंबर जपा, मशीन नसले तरी चालेल.

मशीन तसेही स्कॅनर-प्रिंटर म्हणून वापरता येईल, फक्त फोनची वायर काढून टाका. आणि ते विकायचे किंवा भंगारात द्यायचे असेल तर आधी त्याची मेमरी पुसून घ्या. भाड्याची झेरॉक्स मशीन हार्ड डिस्क न पुसता परत केल्याबद्दल न्यूयॉर्कच्या अफिनिटी हेल्थ प्लॅन या संस्थेला २०१३मध्ये हिपाखाली बारा लाख डॉलरहून जास्त रक्कम भरावी लागली. मशीन नेणाऱ्याकडून मेमरी पुसल्याचे लेखी घ्या, त्यावर मशीनचा सीरियल नंबर लिहून घ्या आणि तो कागद तिन्ही दवाखान्यांच्या बीएएच्या फाइलला लावा.